खिंडीतला वाघ आणि कुत्र्याच्या तोंडाची माणसं

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात बंगे नावाचं गाव आहे. ४ ऑगस्ट १५७७ या रविवारी तिथल्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना भयंकर वादळ झालं, वीज पडली आणि दोन माणसं मेली. त्यानंतर लंडनमध्ये अब्राहम फ्लेमिंग नावाच्या लेखकानं या घटनेवर एक चोपडं छापलं. त्यात वीज होतीच, पण विजेबरोबर एक काळा कुत्राही आला होता. तो म्हणे चर्चमधून धावत सुटला, गुडघे टेकून बसलेल्या दोघांच्या मधून गेला आणि दोघंही मान मोडून जागच्या जागी गेले. त्याच दिवशी काही मैलांवरच्या ब्लिथबर्गच्या चर्चमध्येही तो घुसला, असं सांगतात. तिथल्या दारावरचे जळके डाग आजही सैतानाच्या बोटांचे म्हणून पाहुण्यांना दाखवले जातात. गंमत अशी की बंगेच्या चर्चच्या स्वतःच्या वहीत वादळाची आणि घंटाघरात मेलेल्या दोघांची नोंद आहे, कुत्र्याची नाही. कुत्रा चोपड्यात आहे, आणि चोपडं लंडनचं. न पाहिलेली गोष्ट तिखटमीठ लावून पुढं पाठवायला मोबाइल लागतो, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

असे कुत्रे ब्रिटनभर आहेत. नॉर्फक-सफोकच्या किनाऱ्यावर ‘ब्लॅक शक’, यॉर्कशरात ‘बारगेस्ट’, आइल ऑफ मॅनच्या पील किल्ल्यात ‘मॉदी डू’, वेल्समध्ये पाताळाच्या राजाचे पांढरेशुभ्र आणि लाल कानांचे शिकारी कुत्रे. मराठी वाचकाला यातला एकच नीट माहीत असतो, तो कॉनन डॉइलनं डार्टमूरच्या माळावर सोडलेला. पण लोककथेतला कुत्रा त्या कादंबरीतल्यासारखा नरडी फोडत सहसा हिंडत नाही. तो ठरलेल्या जागी दिसतो: पुलावर, कब्रस्तानाच्या भिंतीलगत, दोन गावांच्या शिवेवर. दिसला की घरात कुणीतरी जाणार, असं काही ठिकाणी मानतात. काही ठिकाणी मात्र तो चक्क आधाराचा असतो. एथेल रडकिन या बाईंनी लिंकनशरात लोकांशी बोलून १९३८ साली या कुत्र्यावर निबंध प्रसिद्ध केला. तिथल्या लोकांना त्याचं भय फारसं वाटत नव्हतं. रात्री एकट्या जाणाऱ्या बाईला तो सोबत करतो, असं ते सांगत. तळकोकणातला माणूस हे ऐकून म्हणेल, हा तर आमचा राखणदार. आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात, कारण रात्री गावाची फेरी मारून त्याच्या झिजतात.

आता त्याच मुलखातली दुसरी गोष्ट. १६४५ साली, सफोकला लागूनच असलेल्या एसेक्समधल्या मॅनिंगट्री गावात मॅथ्यू हॉपकिन्स नावाच्या माणसानं चेटकिणी शोधायचा धंदा मांडला. पहिल्या सापडलेल्यांत एलिझाबेथ क्लार्क नावाची एका पायानं अधू म्हातारी होती. तिला रात्रीमागून रात्री झोपू दिलं नाही, आणि मग तिच्याकडे येणाऱ्या पिशाच्चांची यादी तयार झाली. त्यातलं एक होतं लांब टांगांच्या शिकारी कुत्र्यासारखं, फक्त डोकं बैलाचं. म्हातारीला फाशी दिलं. त्याच वर्षी २७ ऑगस्टला सफोकमधल्या बरी सेंट एडमंड्स इथं एका दिवसात अठरा जणांना फासावर चढवलं.

हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवले की माझं म्हणणं सुरू होतं. मुलूख तोच, देव तोच, सैतानही तोच. मधे सत्तरेक वर्षं गेलेली. बंगेचा कुत्रा खुद्द चर्चमध्ये शिरून माणसं मारतो, तरी त्याच्यापायी गावातल्या कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. उलट गावानं त्याला आपलंसं केलं आणि पुढं तो गावाची खूण होऊन बसला. मॅनिंगट्रीच्या कुत्र्यानं कुणाला साधं चावलंही नव्हतं. पण तो एका बाईच्या घरात बसलेला दाखवला गेला आणि बाई मेली. भीती दोन्हीकडे खोटी होती, की खरी होती, हा प्रश्न इथं दुय्यम आहे. भीती निखळ जनावराच्या रूपात एका जागेला बांधलेली असली तर लोक तिच्याशी जुळवून घेतात. ती माणसाला चिकटली की माणसं मरतात. अंधश्रद्धेवरच्या आपल्या वादात दोन्ही बाजू हा फरक विसरतात, आणि पालघर जिल्ह्यात राहून तो विसरणं परवडणारं नाही.

पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंड लागते. वळणावर वाघोबाचं देऊळ आहे. येणारे-जाणारे तिथं थांबतात, हात जोडतात, नारळ फोडतात, काही नुसता हॉर्न देऊन पुढं जातात. हा वाघोबा म्हणजे जिल्हाभर विखुरलेल्या वारल्यांच्या वाघदेवांपैकी सगळ्यात रहदारीच्या जागी बसलेला. बाकीचे आडवाटेला असतात: लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र, शेंदूर. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून वाघोबाची दीडशे स्थानं नोंदवली आहेत. ‘वाघ’ म्हणजे इथं बिबट्यासुद्धा, हे सांगायला नकोच. आज या भागात प्रत्यक्ष फिरतो तो बिबट्याच.

त्या अभ्यासात वाघोबाच्या जन्माची एक कथा आहे. त्याची आई माणूस होती, अविवाहित. पोरगा वाघ होऊन गावातली गुरं मारू लागला, लोक त्याच्या जिवावर उठले, तेव्हा आईनं मधे पडून तोड काढली: वाघानं रानात राहावं, गावानं त्याला जागा द्यावी आणि वर्षातून एकदा मान द्यावा. मला ही कथा एखाद्या करारनाम्यासारखी वाटते. दोन पक्ष आहेत, मध्यस्थ आहे, हद्द ठरली आहे, देणं ठरलं आहे आणि देण्याची तिथीही ठरली आहे. कोंबडं देऊन बिबट्या थांबतो असं मी म्हणत नाही. वारलीही तसं सरसकट म्हणत नसावेत. बिबट्या शेळी नेतो तेव्हा शेळी जाते, एवढं त्यांना कुणी शिकवायला नको. पण शेळी गेल्यावर काय करायचं हे ठरलेलं असतं. मान चुकला का, कुणाकडून चुकला, हे बघायचं. पेट्रोल घेऊन रानात धावायचं नाही.

आता एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. ब्रिटनमध्ये पावलोपावली भुताचा कुत्रा आहे. मग आपल्या उत्तर कोकणात का नाही? वेदांपासून पाहिलं तर कुत्र्याचं आणि मरणाचं नातं आपल्याकडे जुनं आहे. यमाचे चार डोळ्यांचे दोन कुत्रे ऋग्वेदात आहेत. काळभैरवाचं वाहन कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, स्वर्गाच्या दारापर्यंत युधिष्ठिराच्या मागं गेलेला कुत्रा. रात्री कुत्रं रडलं की म्हातारी माणसं आजही अस्वस्थ होतात. एवढी तयारी असूनही डहाणू-जव्हारच्या वाटांवर काळा कुत्रा कुणाला भिववत नाही. मला सुचलेलं कारण साधं आहे. जिथं बिबट्या जिवंत आहे, तिथं कुत्रा हे भक्ष्य आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले इथं विद्या अत्रेय यांच्या गटानं बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तर वजनानं ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला. अंगणातून जो रोज उचलला जातो, त्याचं भूत होऊन कोण घाबरणार? इंग्लंडमधून लांडगा मध्ययुगातच संपला, अस्वल आणि लिंक्स त्याआधीच. रात्रीच्या वाटेवर माणसाला आडवं येईल असं मोठं जनावर उरलं ते कुत्रं. लांडग्याची गादी त्याला मिळाली.

या तर्काला एक मजेदार पुरवणी आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत ब्रिटिशांना काळ्या कुत्र्याऐवजी काळा बिबट्या दिसू लागला आहे. कॉर्नवॉलच्या बॉडमिन माळावरच्या अशा श्वापदाची १९९५ साली त्यांच्या कृषी मंत्रालयानं रीतसर चौकशी केली; पुरावा मिळाला नाही. त्याच सुमारास नदीत बिबट्याची कवटी सापडली आणि खळबळ उडाली. ती कुणाच्यातरी दिवाणखान्यातल्या बिबट्याच्या कातड्याच्या गालिच्याची निघाली. ज्यांच्याकडे बिबट्या नाही त्यांना तो दिसतो. ज्यांच्याकडे आहे ते त्याला नारळ देऊन कामाला लागतात.

जनावराबद्दल इतकं पुरे. खरी गुंतागुंत अर्ध्या जनावराशी येते, म्हणजे धड माणसाचं आणि तोंड कुत्र्याचं असलेल्या प्राण्याशी. ब्रिटिश लोकसाहित्यात हेही आहेत. एका जुन्या वेल्श कवितेत आर्थर राजाचे लोक आजच्या एडिंबरोच्या डोंगरावर कुत्र्याच्या तोंडाच्या माणसांशी लढतात. ‘बेओवुल्फ’ ज्या एकमेव हस्तलिखितात टिकलं, त्याच बाडात पूर्वेकडच्या नवलांचं वर्णन आहे आणि कुत्र्याच्या तोंडाच्या संत क्रिस्टोफरची कथाही. ही माणसं तिकडं पोचली कुठून? आपल्याकडून. इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकात टेसियस नावाचा ग्रीक वैद्य इराणच्या दरबारात होता. त्यानं हिंदुस्थानावर पुस्तक लिहिलं आणि त्यात सांगितलं की तिथल्या डोंगरांत एक लाख वीस हजार कुत्र्याच्या तोंडाची माणसं राहतात. त्यांना हिंदी लोकांची भाषा कळते, पण बोलता येत नाही, ती भुंकतात. तो स्वतः कधी इकडे आला नव्हता. पुढं ग्रीक जहाजं आजच्या पालघर जिल्ह्यातल्या सोपाऱ्यापर्यंत येऊ लागली, खलाशांना कुत्र्याच्या तोंडाचं कुणी भेटलं नाही, पण त्यानं पुस्तकातलं काही खोडलं गेलं नाही. प्लिनीनं ते उचललं, प्लिनीकडून मध्ययुगानं, आणि तेराव्या-चौदाव्या शतकांच्या उंबऱ्यावर इंग्लंडमध्ये हेरेफर्डचा जगाचा नकाशा काढला गेला तेव्हा ही माणसं त्यावर होतीच.

या परंपरेत मला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे नवव्या शतकातला रात्रामनुस नावाचा फ्रँक साधू. उत्तरेकडे धर्मप्रसाराला गेलेल्या रिम्बर्ट नावाच्या मित्रानं त्याला पत्रातून विचारलं होतं: ही कुत्र्याच्या तोंडाची माणसं भेटली तर त्यांना माणसं समजायचं की जनावरं? प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण त्यावर बरंच काही अवलंबून होतं. माणूस ठरला तर त्याला बाप्तिस्मा द्यायचा, जनावर ठरलं तर शिकार. रात्रामनुसनं नुसत्या तोंडावरून निवाडा केला नाही. ते गावात राहतात का, शेती करतात का, लाज झाकतात का, गुरं पाळतात का, हे त्यानं विचारात घेतलं आणि उत्तर दिलं की ही आदमाचीच लेकरं. अस्तित्वातच नसलेल्या लोकांबद्दल एवढा न्यायी निवाडा क्वचित कुणी दिला असेल.

असे प्रश्न न विचारल्यानं काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे म्हणून ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२०च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथं कांदिवलीहून सुरतेला निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. त्याआधी कित्येक दिवस त्या भागात मोबाइलवरून फिरत होतं की रात्री चोर येतात, मुलं पळवतात, किडन्या काढून नेतात. गावागावांत गस्त चालू होती. त्याच आठवड्यात त्याच भागात मदत घेऊन गेलेल्या डॉक्टरच्या गाडीवरही हल्ला झाला होता. ज्या पाड्यांवर बिबट्याशी पिढ्यान्‌पिढ्या तह पाळला गेला, त्याच पाड्यांवर ही अफवा आली आणि तिच्याशी तह करायची कुठलीच रीत कुणाकडे नव्हती. अफवेतल्या चोराला गाव नव्हतं, तिथी नव्हती, त्याला काय दिलं की तो जाईल हे माहीत नव्हतं. त्याला होतं फक्त माणसाचं शरीर, आणि ते कुणाचंही असू शकत होतं.

पुढचं मला तितकंच भयानक वाटतं. दुसऱ्या दिवसापासून दूरच्या शहरांत, पडद्यापुढं बसलेल्या लोकांनी तो आदिवासी भागच कुत्र्याच्या तोंडाच्या माणसांचा करून टाकला. तिथं कोण राहतं, काय पिकवतं, काय मानतं, याची चौकशी न करता आधी धर्म ठरवले गेले, मग कट ठरले. फ्लेमिंगनं निदान वादळ खरं सांगितलं होतं.

कुणी म्हणेल, वारल्यांच्या जुन्या श्रद्धेचं हे गोडवे गाणं आहे. नाही. त्याच समाजात भुताळीची, म्हणजे चेटकिणीची, कल्पना आहे. गावात मूल दगावलं, गुरं मेली की भगत बोट दाखवतो, आणि बोट बहुधा एकट्या, म्हाताऱ्या, जमिनीचा तुकडा असलेल्या बाईवर थांबतं. हे मॅनिंगट्रीच आहे. २०१३ साली नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशाच गोष्टींसाठी, आणि त्याची गरज होती. माझी तक्रार एवढीच की शहरी सुधारक वाघोबा आणि भुताळी या दोघांना एकाच यादीत टाकतो, आणि लोकसंस्कृतीचा भक्त दोघांनाही एकाच देव्हाऱ्यात. एकात भीतीला जागा नेमून दिलेली आहे. दुसऱ्यात भीतीला शेजारीण नेमून दिली आहे. कायद्यानं दुसरीवर घाव घालावा आणि पहिल्याला हात लावू नये.

जागा नेमून देण्याला किती महत्त्व आहे, हे खऱ्या बिबट्यानंही दाखवलं आहे. जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे पकडून दूरच्या रानात सोडण्याची मोहीम झाली, आणि अभ्यासकांनी नोंदवलं की जिथं ते सोडले त्या परिसरात माणसांवरचे हल्ले वाढले. जागेवरून उखडलेलं जनावर आपला मुलूख ओळखत नाही, आणि माणसं त्याला ओळखत नाहीत.

अर्ध्या जनावराला घाबरायलाच हवं असंही नाही, हे आपल्याच खंडोबानं दाखवलं आहे. जेजुरीचा वाघ्या हा देवाचा कुत्रा. नवसानं सोडलेला माणूस देवापुढं कुत्रा होतो, भुंकतो, भंडाऱ्याची पिशवी गळ्यात घालून दारोदार वारी मागतो. गुंथर सोन्थायमर या जर्मन संशोधकानं आयुष्यातली कितीतरी वर्षं खंडोबाच्या या जगात घालवली; वाघ, कुत्रा आणि भक्त यांची तिथं कशी सरमिसळ होते हे त्यानं तपशिलात दाखवलं. युरोपात कुत्र्याचं तोंड दुसऱ्याला लावलं जातं, परक्याला, शत्रूला. जेजुरीत माणूस ते स्वतः लावून घेतो, देवापुढं, सगळ्यांसमक्ष. त्यामुळे दारात आलेला वाघ्या कितीही विचित्र दिसला तरी तो कोण आहे, कुणाचा आहे आणि त्याला काय द्यायचं हे दारातल्या बाईला ठाऊक असतं. राईनपाड्यात मेलेलेही असेच दारोदार मागणारे होते. त्यांना ओळखणारी दारं मधल्या काळात कमी झाली.

पालघर तालुक्यातल्या बोईसरला ही अनोळखी माणसांची बाब रोजची आहे. तारापूरची अणुभट्टी १९६९ला सुरू झाली, पाठोपाठ एमआयडीसी वाढली, आणि बिहार-उत्तर प्रदेश-ओडिशापासून माणसं आली. नवापूर नाक्यावर संध्याकाळी उभं राहिलं तर मराठी कानावर पडेलच असं नाही. इथं बिबट्याची सत्ता नाही. रात्रपाळी सुटल्यावर सायकलवाल्याच्या मागं लागतात ती कुत्री, अगदी हाडामांसाची. माझ्या तर्कानं पाहिलं तर भुताचा काळा कुत्रा आता इथंच जन्मायला हवा. तो जन्मला तर मला बरंच वाटेल. केमिकलच्या टँकरमागं, बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकापाशी एखादं ठरलेलं भूत असणं हे मोबाइलवर फिरणाऱ्या ‘मुलं पळवणाऱ्या’च्या फोटोपेक्षा शतपटींनी निरुपद्रवी आहे. फोटो फिरतो तेव्हा पोटासाठी आलेला, भाषा न येणारा, रात्री उशिरा चाळीकडे परतणारा कुणीही कामगार त्यात बसतो. भाषा कळते पण बोलता येत नाही, असं टेसियसनं लिहिलंच होतं.

३० ऑगस्ट २०२४ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बुलेट ट्रेनचं काम चालू आहे, मुंबई-वडोदरा महामार्गाचंही. येत्या दहा-पंधरा वर्षांत डहाणू आणि पालघर तालुक्यांच्या पाड्यांमधून अनोळखी माणसांची ये-जा कितीतरी वाढणार आणि बिबट्याचं रान आणखी आक्रसणार. वाघोबाचा तह ज्या भीतीसाठी होता ती कमी होईल. ज्या भीतीसाठी तहच नाही ती वाढेल. विस्थापनाच्या आणि मच्छीमारांच्या रोजगाराच्या प्रश्नांवर इथं लोक लढत आहेत, लढायलाच हवं. त्याच ग्रामसभांनी एक छोटा ठराव आणखी करावा, असं मला वाटतं. रात्री गस्तीवर असताना अनोळखी माणूस किंवा गाडी दिसली तर आधी कुणाला फोन करायचा, पोलीस पाटील येईपर्यंत त्या माणसाला कुठं बसवायचं, त्याला पाणी कुणी द्यायचं, आणि तो कुठल्या गावचा, काय काम करतो, कुणाकडे निघालाय हे कुणी विचारायचं. प्रश्न जवळपास रात्रामनुसचेच आहेत. फक्त विचारणाऱ्याचं नाव ठरावात आधीच लिहिलेलं असावं.